एका बोटाचं अंतर

सिनेमा संपला, दिवे लागले आणि शहाणपण सुरू झालं. डिलाईल रोडवरचा आमच्या चाळीचा हॉल, रविवारची सकाळ, पोरं सोडून चाळीस माणसं. त्यातल्या अडतीस जणांनी आयुष्यात एकही गुद्दा खाल्लेला नाही.

शेवट असा : म्हातारा गुरू गद्दार शिष्याला भिंतीशी गाठतो, गुरूची मूठ त्याच्या तोंडाच्या दिशेने सुटते आणि पडदा काळा. मारलं की नाही, कळत नाही.

दादरहून फिल्म क्लबवाला निलेश आला होता, लिननचा कुर्ता घालून. "हा काळा पडदा म्हणजे हिंसेचं मौन," तो म्हणाला. मौन कसलं डोंबलाचं! एका बाईंना त्यात भांडवलशाही सापडली. आमचा सेक्रेटरी राजेश म्हणाला, "दुसरा पार्ट येणार असेल." निदान तो मनातलं तरी बोलला.

मी पाहुणा. पंचवीस वर्षं कराटे शिकवतोय आणि घरात नव्व्याण्णव सालचा कप आहे, म्हणून. त्या फायनलला माझ्याविरुद्ध खेळलेला विकास तिसऱ्या रांगेत बसला होता. तेव्हा माझी मूठ त्याच्या डाव्या कानावर बसली आणि तो कान कायमचा गेला. 'तोच पुढे घुसला,' असं मी पंचांना सांगितलं आणि आजवर तेच सांगत आलो. विकास कधी बोलला नाही. आज बोलला असता तर पुढे मांडी घालून बसलेल्या माझ्या क्लासच्या पोरांसमोर माझी अब्रू गेली असती.

तरी माईक घेतलाच. "यात अर्थबिर्थ काही नाही, साहेब. गुरूची मूठ नाकापासून एक बोट अलीकडे थांबते. आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो. ज्याला थांबवता येत नाही, त्याने मूठ वळूच नये."

टाळ्या पडल्या. निलेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग माझ्या क्लासमधल्या श्रेयाने हात वर केला. पुढच्या महिन्यात तिची ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे. "सर, तुमची मूठ कधी थांबली नाही, असं झालंय?"

"कधीच नाही."

विकास पुढे झुकला, उजवा कान माझ्याकडे करून. "काय म्हणालास रे? स्पीकर डाव्या बाजूला लावलाय, मला नाय ऐकू आलं."

मी उठून त्याच्या उजव्या बाजूला गेलो. तेच दोन शब्द पुन्हा म्हणायचे होते. मघापासून सगळ्यांना हसत होतो आणि अख्ख्या हॉलमध्ये खोटा शेवट सांगणारा मी एकटाच. स्वतःचीच किळस आली. माईक खाली धरून मी त्याच्या कानाशी म्हणालो, "मुद्दाम मारलं होतं, विकास. थांबवता आलं असतं मला."

"मला काय सांगतोस? मला ठाऊक आहे." त्याने माझं मनगट धरलं आणि माईक माझ्या तोंडासमोर आणला. "पोरांना सांग."