करड्या पडद्यावरचा डाग

"हाही डागाळलेलाच आहे," हे म्हणाले आणि चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसू लागले.

विक्रेत्याने वाकून पडद्याकडे पाहिलं. भला दांडगा गृहस्थ, पण बोलायचा अगदी हलक्या आवाजात, शेजारी कुणी झोपलंय असं वाटावं. "कुठे, साहेब?"

"हा काय. बोट टेकवल्यासारखा."

मीही पाहिलं. मॉनिटरभर नुसता करडा रंग पसरला होता. हे तो घरून पेन ड्राइव्हवर घेऊन आले होते. रंगीत चित्र कुणालाही फसवतं, करडा रंग फसवत नाही, असं यांचं ठाम मत. मला डाग दिसला नाही. पण डागांच्या बाबतीत मी यांच्याशी कधी वाद घालत नाही, कारण डाग काढणं हाच यांचा धंदा. फोटो स्टुडिओवाले लोकांचे जुने, बुरशी लागलेले फोटो यांच्याकडे पाठवतात आणि हे कॉम्प्युटरवर एकेक ठिपका भरत बसतात. फोटोतल्या आजोबांच्या कपाळावरची घडी गेली पाहिजे, सुरकुती राहिली पाहिजे. घडी कुठली आणि सुरकुती कुठली हे ओळखण्यात यांची हयात गेली.

घरचा मॉनिटर काही महिन्यांपासून मळकट दिसतोय, अशी तक्रार सुरू होती. "जिथे काम करावं तिथेच नेमका डाग येतो, लबाड आहे," असं म्हणत हे त्याच्या काचेवरून रोज फडकं फिरवायचे. वर्तमानपत्राची छपाईसुद्धा हल्ली भिकार झाली होती. स्वयंपाकघरातला दिवाही यांना मंद वाटायचा. तो मी बदलून घेतला, तर नवासुद्धा मंदच निघाला.

मॉनिटर घ्यायचा म्हटल्यावर मीही आपलं घोडं पुढे दामटलं. माझं घोडं खरोखरचं आहे. म्हणजे गेममधलं. दवाखान्याच्या चौकशी खिडकीतून मी निवृत्त झाले तेव्हा भाच्याने मला एक गेम लावून दिला. त्यात घोड्यावर बसून लढाया मारायच्या असतात. मी एकही मारलेली नाही. मी नुसती फिरते. गुडघाभर गवत, पलीकडे नदी, नदीवर धुकं. कुणी विचारत नाही की डॉक्टर कधी येणार. संध्याकाळी हे काम आटोपून उठले की खुर्ची माझी. "आल्या घोडेस्वार," असं म्हणत हे चहा टाकायला जातात.

तेव्हा पडदा एक आणि गरजवंत दोन, अशी आमची अडचण होती. विक्रेत्याने ती छान समजून घेतली. आधी त्याने यांच्या कामाचा मॉनिटर दाखवला. चार-के, रंग अगदी जसेच्या तसे, फोटोतला केस न् केस सुटा. पण त्यावर माझा गेम लावून घोडा पळवला की गवताचा नुसता लगदा व्हायचा. मग दुसरा दाखवला, खास गेमवाल्यांचा. त्यावर गवत असं वाहत होतं की माझं मन तिथेच राहिलं. हे मात्र म्हणाले, "रंग बघ केवढे भडक. माणसं काय, उकडून काढल्यासारखी दिसतील."

"तिसरा एक आहे," विक्रेता म्हणाला. "त्यात दोन्ही जमतं. थोडा मोठा आहे, टेबल मोजून घ्यावं लागेल."

"टेबलाचं नंतर. आधी करडा लावा."

त्याने करडा रंग लावला. दुकानाच्या मागच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत मॉनिटरच मॉनिटर होते आणि सगळ्यांवर एकच समुद्र हलत होता. आवाज बंद होता. तो निळा उजेड आमच्या हातांवर, यांच्या पांढऱ्या भुवयांवर वरखाली होत होता. मला क्षणभर वाटलं, आपण तिघं पाण्याखाली उभे आहोत आणि इथे कुणालाच घाई नाही.

"इथे आहे," हे म्हणाले. त्यांनी वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

विक्रेत्याने तिथे कापड फिरवलं. "आता?"

"आता इथे." बोट खाली आलं होतं.

"साहेब, मघाशी तुम्ही वर दाखवलात."

"हो, पण आता…" हे थांबले. बोट काचेवर तसंच राहिलं. मग त्यांनी मान वळवून शेजारच्या मॉनिटरकडे पाहिलं, तिथून दुकानाच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे. भिंतीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी हसले. नेहमी मी हसले की तेही हसतात. या वेळी ते माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले.

"बरोबर आहे," ते विक्रेत्याला म्हणाले. "डाग नाही. स्वच्छ आहे."

उभ्या आयुष्यात या माणसाने डागाला स्वच्छ म्हटलं नव्हतं.

"मग हा तिसरा काढू?"

"नको. तो दुसरा द्या. गवतवाला."

"अहो, त्याचे रंग भडक आहेत ना?" मी म्हणाले.

"असू देत. तुला आवडलाय ना?"

"तुमचं काम कसं होणार त्याच्यावर?"

हे पेन ड्राइव्ह काढून खिशात ठेवत होते. टोपण लावायला त्यांना वेळ लागला. "घोड्याला काय, थोडे भडक रंग चालतात," ते म्हणाले.

मला रडू आलं, पण दुकानात रडायचं कसं? मी विक्रेत्याला म्हटलं, "तिसराच बांधा. आम्हाला दोघांनाही लागतो." खोकं त्याने स्वतः उचलून रिक्षात ठेवलं आणि यांच्या कोपराला हलकेच हात लावून पायरी दाखवली. यांनी तो हात झटकला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत नजरेचा मधला भाग गेलाय. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येईलच असं नाही. कडा शाबूत आहेत. हे लक्षपूर्वक ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे फ्रेम चांगली आहे, फोटो गेलाय." डॉक्टरांना हसावं की नाही कळेना.

स्टुडिओचे उरलेले फोटो यांनी स्वतः नेऊन दिले. कुणी कीव करू नये म्हणून सांगितलं, आता कंटाळा आला. माझा जीव तुटला, पण मीही मान डोलावली.

तिसरा मॉनिटर टेबलाच्या दोन्ही कडांना पुरून उरला. संध्याकाळी मी घोडा काढते. हे शेजारी स्टूल ओढून बसतात आणि पडद्याकडे सरळ न बघता तिरके, खिडकीकडे तोंड करून बसतात, म्हणजे पडदा नजरेच्या शाबूत कडेत येतो. मी वाटेवर नजर लावून असते, त्यामुळे आजूबाजूचं मला दिसत नाही. ते यांना दिसतं.

"डावीकडे काहीतरी चमकलं," काल हे म्हणाले. "पाणी असेल."

मी घोडा वळवला. गवतामागे खरंच एक तळं होतं. इतके दिवस मी त्याच्या बाजूने जात होते. घोडा काठावर थांबला, पाणी हललं, खोलीच्या भिंतीवर निळा उजेड हलला. आम्ही दोघं बघत बसलो.

"रंग बरोबर आहेत का हो?" मी विचारलं.

"बरोबर असावेत." मग म्हणाले, "अगं, तू जरा मागे सरक."

"दिसत नाही का पडदा?"

"पडदा दिसतोय. तू दिसत नाहीस."

मी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी मान खिडकीकडेच ठेवली, डोळेही तिकडेच.

"अजून थोडी," ते म्हणाले. "हं. आता बस तिथेच."