पऱ्हाट्यांची गंजी

"साहेब, पोरीले नेता काय वरतं?"

शकुननं विचारून टाकलं. मागं वच्छला आणि लीला तोंडाला रुमाल लावून फिदीफिदी हसत होत्या. "विचारशील तं खरी," म्हणून त्यांनीच तिला पुढं ढकललं होतं. बिनइंजिनाचं विमान पाहायला त्या दिवशी अकोल्याच्या शाळा शिवणीच्या धावपट्टीवर लोटल्या होत्या.

"नेतो की," विमान चालवणारे साहेब म्हणाले. ते पुण्याकडचे. "पण आज हवेत जोर नाही. जमीन तापली की ऊन हवा वर चढते, तीच आपल्याला उचलते. बघ, घारीसुद्धा खाली बसल्यात."

तारेपलीकडच्या शेतात कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, उपटणारा देवमन कान देऊन ऐकत होता. शकुननं त्याला केव्हाच पाहिलं होतं, आणि पाठ फिरवली होती. आपले बाबा कचेरीत असतात, असं तिनं शाळेत सांगून ठेवलं होतं. देवमनला उपटायची मजुरी म्हणून पऱ्हाट्याच मिळत. बांधावर रचलेली गंजी म्हणजे घरची पावसाळाभराची चूल.

दूरच्या यंत्रानं विमानाला बांधलेला लोखंडी दोर सर्रकन ओढला आणि शकुन आभाळात! आधी डोळे गच्च मिटलेले, मग हसूच हसू. वच्छला मुंगीएवढी, लीला तर दिसेचना. दोर सुटला. सगळीकडे नुसती वाऱ्याची सळसळ. आता वर, अजून वर, असं ती मनात म्हणते तोच विमान मुकाट उतरू लागलं.

"नाही उचलत," साहेब पुटपुटले.

तेवढ्यात खाली बांधावर जाळ भडकला. देवमननं गंजी पेटवली होती. जाळाशेजारी उभा राहून तो दोन्ही हातांनी वर, वर, अशा खुणा करत होता. धूर थोडा चढला आणि धावपट्टीवर आडवा पसरला. साहेबांनी शिवी हासडून विमान वळवलं, ढेकळांत दणके खात कसंबसं टेकवलं.

साऱ्या शाळा हसत होत्या. पोरं देवमनसारखे हात उडवून दाखवत होती. शकुन उतरून मैत्रिणींत येते तोच तो धापा टाकत तारेपाशी आला.

"लागलं तं नाई वं माय?"

"शकुन, थो तुलेच इचारून राहिला," वच्छला म्हणाली. "कोन व्हय थो?"

शकुननं वेणी मागं टाकली.

"मले काय मालूम? असन कोनी येडा."

आणि ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. तारेवरचा देवमनचा हात खाली आला.

संध्याकाळी घरी शकुनची आई, इंदूबाई, शेजारून मागून आणलेल्या गोवऱ्या फुंकत होती.

"अख्खी गंजी जळेपर्यंत तुमी काय करून राहिले होते?"

"बिडीची ठिनगी पडली," देवमन म्हणाला. "ध्यान नोतं."

"मंग पावसाळ्यात काय माये हाडं जाळू?"

देवमननं शकुनकडे पाहिलं नाही. आपल्या ताटातली अर्धी भाकर मोडून त्यानं तिच्याकडे सरकवली. शकुननं ती सगळी खाल्ली. हात धुतले, पदर नव्हता म्हणून फ्रॉकलाच पुसले.

"आई, बाबा, जूनपासून मी अमरावतीले बोर्डिंगात राहतो," ती म्हणाली. "एकटी जातो. पोचवाले कोनी येऊ नका."