साकवाचं वाकडं गणित

"भिकाजीकाका, पुरता! आसा तेवढा लाकूड पुरता!" देवगडला बोटीतून उतरलेली प्रेमलता कुणकेश्वरच्या वहाळावर ओरडतच आली. पोरीला धड श्वास घेता येईना.

गेल्या पावसात तिची आई यमुनाबाई माशांच्या टोपलीसकट या वहाळातून वाहून जाता जाता वाचली होती. तेव्हा यंदा पावसाआधी वहाळ ओलांडायला लाकडी साकव हवाच, असं गावाने ठरवलं. पण लाकूड होतं एका मोडक्या होडीचं, आणि भिकाजी सुताराच्या अंदाजाने ते अर्ध्यावरच संपत होतं.

मुंबईत प्रेमलता जिथे गणितं करायची, त्या संस्थेत खोलीभर मोठं गणकयंत्र होतं. या बाईने काय करावं? साकवाच्या चौकटीतला प्रत्येक सांधा बाकीच्या सगळ्या सांध्यांना जोडून टाकला, कागदावर नुसतं जाळं! मग यंत्राला विचारलं, यातली कुठली लाकडं ठेवली तर कमीत कमी लाकडात भार पेलेल? यंत्राने बिनकामाची सगळी उडवली. उरली मोजकीच.

"अगो, हो तिरको खंय गेलो?" भिकाजीने कागद उलटासुलटा केला.

"तेच्यार भारच येना नाय!"

तेवढ्यात यमुनाबाई आणि बाजाराला निघालेल्या बाकीच्या मासेवाल्या बायका वहाळात उतरल्या. पाणी घोटाभर. एकामागून एक चालल्या आणि पलीकडच्या काठाजवळ सगळ्या थबकल्या. काठावर गिऱ्हाइकांचे कान. म्हणून त्या दिवसाचा माशांचा दर तिथे पाय लावायच्या आधीच आपसात ठरायचा. प्रेमलताने भिकाजीच्या हातातला कागद ओढून घेतला. जन्मभर बघितलेली गोष्ट, आणि अक्कल कुठे चरायला गेली होती? यंत्राला तिने सांगितलं होतं, बायका अंतर ठेवून चालतील. आणि भिकाजी विचारत होता तो तिरका वासा नेमका तिथलाच!

"आये, साकव झालो काय दर खंय ठरवतलास?"

"हयच! आनी खंय?"

एखाद्या साहेबाने 'थांबू नये' अशी पाटी लावली असती. प्रेमलता पुढल्याच बोटीने मुंबईला परतली. यंत्राला भरवायची भोकांची नवी कार्डं पाडली, सगळा भार एका जागी गोळा केला. उत्तर आलं आणि ती खुर्चीतून उठून चक्क नाचली. लाकूड थोडं जास्त लागत होतं, पण होडीचं पुरत होतं! चौकट मात्र एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ.

"वाकडो दिसता गो," तिने आणलेला नवा कागद बघून भिकाजी कुरकुरला. पण बांधला चोख.

पहिल्या दिवशी यमुनाबाई पुढे, मागे सगळ्या. प्रेमलता खाली पाण्यात, तिरक्या लाकडाला तळहात लावून उभी. बायका त्याच जागी थांबल्या. बांगड्याच्या दरावरून जुंपली, एकीने तर पाय आपटला. लाकूड करकरलं. प्रेमलताने तळहात आणखी घट्ट दाबला. मग लाकूड गप्प झालं.

"चेडवा, खाली काय करतंस? भियालंस?" यमुनाबाईने वाकून विचारलं.

"होय गो आये."

"मगे वर ये. माका एकटीक हो दर राखूक जमना नाय."

प्रेमलताने पदर खोचला, वर चढली, त्या गर्दीच्या अगदी मधोमध जाऊन उभी राहिली आणि आईच्या बाजूने भांडायला लागली.