पहिल्या पानावरचं माप

कपाट आवरायला धाकट्या जावेला बोलावलं. खरं सांगायचं तर मला मदत नको होती, प्रेक्षक हवा होता. न वापरलेले कपडे वेगळे काढायचे, त्यातले चार तिच्या गळ्यात मारायचे आणि शेवटी माझ्या लग्नाच्या साली शिवलेला निळा ड्रेस तिच्यासमोर घालून दाखवायचा, असा बेत होता. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाच्या लग्नात मी तोच घालणार, हे सगळ्या नातेवाइकांना सांगूनही झालं होतं. तीस वर्षांनी तेच माप! आहे कुणाची टाप?

आमचं शिवणकामाचं दुकान. हे शिवायचे, बायकांची मापं मी घ्यायचे. टेप लावली की आकडा असा खणखणीत सांगायचे की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. "कंबर चव्वेचाळीस! मागच्या खेपेला चाळीस होती हो!" बाई लाजून चूर. एवढी लाज वाटते तर खाता कशाला? जावेलाही मी कधी सोडलं नाही. माझं स्वतःचं माप मात्र वहीच्या पहिल्या पानावर, एकदाच घेतलेलं. पुन्हा घ्यायची गरजच पडली नव्हती.

डोळे अधू झाले म्हणून यांनी दोन वर्षांपूर्वी मशीन बंद केलं, आणि त्याच सुमारास माझे कपडे एकेक करून आटायला लागले. हल्लीचा साबणच भिकार. म्हणून तर कपाट असं तुंबलं होतं.

निळा ड्रेस डोक्यातून घातला. खांद्यावरून उतरला आणि छातीशी जो अडला, तो अडलाच.

"आटलाय मेला," मी म्हणाले.

जावेनं तो ओढून काढला, उलटा केला आणि शिवण उजेडात धरली. "जाऊबाई, हे बघा."

आतल्या बाजूला जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या. एक, तिच्याबाहेर दुसरी, मग तिसरी, चौथी. शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड पार संपलेलं. मी दुसरा कपडा उलटा केला, तिसरा केला. सगळीकडे तेच. आणि इस्त्रीच्या नावाखाली माझे कपडे दुकानात नेणारा माणूस शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसला होता.

"अहो, इकडे या आधी!"

हे भिंत चाचपत आले. मी शिवण त्यांच्या बोटांना लावली.

"हे काय? मला सांगायचं नाही?"

"दुकानात तू बायकांना काय बोलायचीस, ते रोज ऐकत होतो," हे शांतपणे म्हणाले. "तुला कोण सांगणार? कापड होतं तोवर निभावलं."

असला भित्रा नवरा! आणि मी त्याच्यावर कडी, धडधाकट डोळे असून तीस वर्षं आंधळी. राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. मी टेप त्यांच्या हातात कोंबली.

"घ्या माप. आणि मोठ्यानं सांगा."

यांनी टेप कमरेभोवती फिरवली, डोळे बारीक केले. आकडा दिसेना. "तू वाच गं," ते जावेला म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. पंचवीस वर्षांचं उट्टं काढायची संधी बाईला आयती चालून आली होती. तिच्या जागी मी असते तर खिडकी उघडून ओरडले असते.

मग एक डोळा किलकिला केला. तिनं वाकून आकडा बघितला. टेपवर बोट तसंच धरून ठेवलं.

"दादा, पेन्सिल कुठंय?" ती म्हणाली. "वहीत लिहून ठेवते."