आज खुर्ची वाजली नाही

पहिला पाय

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सुताराने मला केलं तेव्हा माझा एक पाय बोटभर आखूड झाला. "वर्गातच तर जायचीय, लग्नाला थोडीच!" असं म्हणून त्याने मला तशीच धाडली.

दुसरा पाय

मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात आले. तिथले सर माझ्यावर बसून झुलायचे. टक्, टक्. झुलता झुलता म्हणायचे, "मला बुवा यातलं काही कळत नाही. न्याय म्हणजे काय, तुम्हीच सांगा." कुणीतरी ऐटीत सांगे. सर भोळा चेहरा करून आणखी विचारत, आणि सांगणारा आपल्याच उत्तरात अडके. वर्गाचा नियमच होऊन गेला: सरांच्या 'कळत नाही'वर जो विश्वास ठेवील, तो हरला.

पहिल्या बाकावरच्या मुलीला सगळे शंकासुर म्हणत. तिने विचारलं, "सर, मग हे खोटं बोलणं नाही का?"

"नाही गं. खोटं बोलणाऱ्याला वाटतं, आपण पकडले जाऊ नये. उपरोधाने बोलणाऱ्याला वाटतं, कुणीतरी पकडावं." टक्.

कौतुक सरांचं होई. वाजत मी असे.

तिसरा पाय

पुढे पुढे सर शब्द शोधताना माझे हात घट्ट धरू लागले. एके दिवशी फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ते थांबले आणि येऊन बसले.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "मी काय शिकवत होतो?"

वर्ग हसला.

"अरे, खरंच आठवत नाही."

हशा आणखी वाढला. "सर, या वेळी नाही फसणार!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्याही पडल्या.

सरांचे तळवे घामाने ओले झाले होते. मला ते कळत होतं, पण लाकडाला वाचा कुठून येणार?

शंकासुर मात्र हसता हसता थबकली. उठून जवळ आली.

"सर, आज खुर्ची वाजली नाही."

सर तिच्याकडे वळले. "म्हणजे तू विश्वास ठेवलास? हरलीस की गं."

"हरू द्या. घरी काकूंना फोन करू?"

सरांनी मान डोलावली. मग कुणी हसलं नाही.

चौथा पाय, आखूड

सर आता घरीच असतात. शंकासुर त्यांना भेटायला जाते, असं कानावर येतं. नव्या बाईंना माझा आवाज खपत नाही. उद्या सुतार येणार आहे.

जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला दुरुस्त करा. मित्रांनो, माझा पाय असाच राहू द्या. आणि कुणी 'मला कळत नाही' म्हणालं, तर हसण्याआधी जरा कान द्या.

हे मी मनापासून सांगते आहे. ऐका, वाजत नाहीये.