नोस्केचा होकार

“‘नाही’ म्हणायचं नाही, ‘पण’ म्हणायचं नाही!” ॲडलेडहून आलेल्या जॉर्जिनाबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. “समोरचा जे बोलेल त्याला ‘हो, आणि’ म्हणायचं अन् गोष्ट पुढे न्यायची. बस्स!”

बंदरावरच्या सायलोंत, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांत, गहू भरणारी आम्ही अठरा माणसं जेवणाच्या खोलीत गोल करून उभी होतो. सकाळपासून हे नाटकातले खेळ चालले होते. माझं झाड होऊन झालं होतं. नव्वद किलोचा ग्रँट पेंग्विन झाला होता. या वयात लाज कोळून प्यायची वेळ आली होती, पण साहेबांचा हुकूम होता.

हे सगळं आमच्या परवाने देणाऱ्या नोस्केसाठी चाललंय, हे शेंबड्या पोरानेही ओळखलं असतं. सायलोत उतरायचं तर आमच्याकडे एकच रीत. झाकणापाशी उभं राहून नोस्केला मोठ्याने विचारायचं, तो हो म्हणाला आणि परवान्यावर सही केली की मगच पाय आत टाकायचा. आणि नोस्के तर गेली चौदा वर्षं नन्नाचा पाढा वाचत होता. वारा आहे, नाही. दोर जुना दिसतो, नाही. बंदरात तीन जहाजं खोळंबली तेव्हा क्रेगसाहेबांनी बजावलं, “मनोवृत्ती बदल, नाहीतर वजनकाट्यावर बस. तिथे नाही म्हणायला कोणी विचारणारच नाही.”

चौदा वर्षांपूर्वी चार नंबरच्या सायलोत आमच्यातला डॅरिल गव्हाखाली गाडला जाऊन मेला होता. न विचारता, दोर न बांधता उतरला, असं चौकशीत निघालं. त्याची बायको रोंडा आमच्याच तपासणी खोलीत धान्याचे नमुने बघते. त्या दिवशी तीही गोलात उभी होती.

“चला, तुम्ही दोघं,” बाईंनी मला आणि नोस्केला मध्ये ढकललं. “सुरुवात तू कर,” त्या मला म्हणाल्या.

नोस्केला काहीतरी सोपं द्यावं, त्याचं निभावून जावं, असं मला मनापासून वाटत होतं. समुद्रावर जाऊया म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण सगळे टक लावून बघायला लागले आणि माझं डोकं रिकामं झालं. वीस वर्षं रोज सकाळी या माणसाला एकच वाक्य बोलत आलो होतो, तेच तोंडातून निसटलं.

“नोस्के, उतरू का आत?”

कोणीतरी खिदळलं. नोस्केने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

“हो,” तो म्हणाला. “आणि दोर राहू दे. पाच मिनिटांचं तर काम.”

“वा! सुटला की गडी!” क्रेगसाहेब खूश झाले.

“थांबू नका, पुढे!” बाई मला म्हणाल्या.

पुढे जाऊ नये असं वाटत होतं. तरी नियम तो नियम. “हो, आणि... मी उतरलो.”

“हो, आणि फोन वाजला. ऑफिसातून विचारत होते, जहाज दुपारपर्यंत भरेल ना? मी म्हटलं, भरेल.” नोस्केचा आवाज परवाना वाचून दाखवावा तसा सपाट होता. “आणि मागे वळून बघतो तर नुसता गहू. वर काहीच नाही. आणि मी हाका मारल्या. आणि चौकशीवाले आले तेव्हा त्यांना सांगितलं, त्याने मला विचारलंच नव्हतं.”

बाईंचे हात टाळीसाठी उचललेले तसेच राहिले. त्यांना बिचारीला काय माहीत! आम्हा बाकीच्यांची मात्र रोंडाकडे बघायची छाती होईना.

“कोण उतरलं, नोस्के?” रोंडाने विचारलं.

“डॅरिल.”

“त्याने तुला विचारलं होतं?”

“हो.”

या वेळी पुढे ‘आणि’ आलं नाही. मला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. चौदा वर्षं या माणसाच्या हातून आम्ही परवाने घेतले होते.

“पोराने जरा काही चुकवलं की मी म्हणायचे, बापावर गेलास,” रोंडा म्हणाली. “उतावळा, कोणाला न विचारणारा. शाळेत असल्यापासून म्हणत आले रे मी त्याला.”

ती बाहेर गेली. “दहा मिनिटं चहा घ्या,” क्रेगसाहेब पुटपुटले, पण चहाकडे कोणी फिरकलं नाही. तिला गाडी चालवू द्यायची नाही म्हणून मी मागोमाग गेलो. गाड्या लावायच्या जागेत ती फोन कानाला लावून उभी होती. नोस्केही आला होता. पन्नासएक पावलांवर, भर उन्हात, टोपी आतच विसरून. जवळ येण्याची हिंमत त्याला होत नव्हती आणि निघूनही तो गेला नाही.

“ट्रेंट, काम सोड एक मिनिट,” रोंडा म्हणत होती. “नाही रे, बरी आहे मी. रडत नाहीये. ऐक आधी. तुझे बाबा विचारून उतरले होते.”

पलीकडे पोरगा काहीतरी बोलला असावा.

“हो,” ती म्हणाली. “विचारलं होतं त्यांनी.”