अर्धी पुसलेली मेणबत्ती

शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल आधीच माफी मागते. मला हात नाहीत. हे लिहून घेतोय तो मला साच्यात ओतणारा कारागीर. त्याची शाळा लवकर सुटली, म्हणून शब्दही साधेच मिळतील.

मी मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती बोलतेय. माझं माहेर म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्या एका मावशींचं अंगण. मध काढून झाला की मावशी पोळी वितळवतात, फडक्यातून गाळतात आणि मेणाच्या वड्या पाडून वर्षातून एकदा आमच्या दुकानात आणतात.

दुकानात मला बहिणी बऱ्याच. पॅराफिनची जन्मली खनिज तेलातून. तिला जळायची भारी घाई. जरा झुळूक आली की ढसाढसा रडणार आणि भिंतीला काजळ लावणार. सोयाची स्वभावाने इतकी मऊ, की काचेच्या पेल्याशिवाय तिला उभंच राहवत नाही. मी टणक. सावकाश जळते, कमी ओघळते, मधाचा मंद वास अंगचाच आहे. महाग आहे, तेही कबूल करते.

मालकाला एवढ्यावर समाधान कुठलं? गिऱ्हाईक आलं की सुरू: "ही लावा ताई, घरातली हवा धुऊन निघते!" अहो, मी जळते. जळणारी वस्तू हवा काय धुणार? ताई मात्र मान डोलावतात, मला पंख्याखाली लावतात आणि "ओघळली की हो!" म्हणत परत येतात.

माझ्या शेजारी मालकाने एक पॅराफिनची उभी केली होती. अंगाला पिवळा रंग, वर मधाचं अत्तर. पायाशी पाटी: 'मधाची मेणबत्ती'. 'शुद्ध' लिहिताना तेवढा हात कचरला असावा.

थंडी पडली आणि द्राक्षावर असते तशी पांढरट साय माझ्या अंगावर चढली. खऱ्या मेणावर ती चढतेच. त्याच दिवशी मावशी वड्यांची पेटी घेऊन आल्या.

"परत न्या," मालक म्हणाला. "तुमच्या मेणाला बुरशी लागते. ही बघा! आणि ही शेजारची कशी चकाचक!"

"बुरशी? अहो, वर्षभराची मेहनत आहे माझी. कोण घेणार आता हे?" मावशी कारागिराकडे वळल्या. "अरे, तू रोज हाताळतोस ना? तू तरी सांग की!"

त्याला सगळं माहीत होतं. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटते. तो चपलेकडे बघत राहिला. मावशींनी पेटी उचलली.

"तुझा माझ्या मेणावर जीव आहे असं वाटलं होतं रे," एवढंच म्हणाल्या आणि पायरी उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकाच्या आधी दुकानात आला. सुती फडक्याने त्याने मला एका बाजूने पुसलं. अर्धी मी सोन्यासारखी, अर्धी पांढरी.

"हे काय नवीन?" मालकाने विचारलं.

"बुरशी नाही, मालक. मेणच वर येतं. पुसलं की जातं. रंगवलेलीवर येत नाही."

एवढं लांब बोलणं त्याने त्या दुकानात पहिल्यांदाच केलं. मालकाने अंगठा फिरवला, वास घेतला आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे ही अस्सलपणाची खूण? आधी नाही का सांगायचं!" असं म्हणून त्याने गल्ल्यामागून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा काढला आणि रंगवलेल्या बहिणीवर भुरभुरायला झाकण उघडलं.

मी अजून तशीच अर्धी पुसलेली दुकानाच्या काचेच्या कपाटात उभी आहे. पांढरी दिसले तर नाक मुरडू नका, अंगठा फिरवून बघा, इतकंच मागणं.

आणि त्या सकाळी कारागिराने काय केलं? मालकाच्या हातातला डबा त्याने काढून घेतला, झाकण घट्ट लावून खिशात टाकला, आणि सायकल काढून मावशींची पेटी आणायला गेला.